दुसऱ्या गिअरच्या पुढे

गाडी चालवायला मी शिकले ती एका फणसाच्या झाडाभोवती, आणि तीही फक्त दुसऱ्या गिअरपर्यंत. पुढचे गिअर त्या गाडीला नव्हते असं नाही, पण ते टाकायला जेवढा रस्ता लागतो तेवढा आमच्याकडे नव्हता. मळवली स्टेशनापासून डोंगराकडे चढत जाणाऱ्या वाटेवर मुंबईच्या एका साहेबांचा बंगला होता आणि भाऊ, म्हणजे माझे वडील, तो बंगला सांभाळायचे. साहेब शनिवारी यायचे आणि रविवारी संध्याकाळी परत जायचे. त्यांची एक जुनी फियाट कायम बंगल्यावरच असायची. आठवड्यातून एकदा ती चालू करून फिरवायची, नाहीतर बॅटरी उतरते, असं त्यांनी भाऊंना सांगून ठेवलं होतं. म्हणून दर बुधवारी भाऊ अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून गाडीत बसायचे आणि फणसाला दहा फेऱ्या मारायचे. गाडी गेटबाहेर न्यायची नाही, असं साहेब कधी म्हणाले नव्हते. ते भाऊंनी आपलं आपणच ठरवलं होतं. भाऊंचे बरेचसे नियम असे कोणी न सांगता घातलेले होते. मी सतरा-अठरा वर्षांची झाले तेव्हा भाऊंच्या गुडघ्यानं क्लचशी वैर धरलं आणि त्या दहा फेऱ्या माझ्याकडे आल्या. आई मागच्या दारात तांदूळ निवडत बसलेली असायची. ती म्हणायची, "आता पोरगीबी घान्याला जुपली."

बंगल्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आमच्या दोन खोल्या होत्या. आमची जमीन तिकोणा पेठेकडची. ती पवना धरणात गेली तेव्हा मी रांगत होते. आजोबांच्या ओळखीचा एक गवंडी या बंगल्याचं काम करत होता. त्याच्यामार्फत आजोबांनी भाऊंना इथे आणून उभं केलं आणि आपण गावाकडे परत गेले. सोमवार ते शुक्रवार बंगला आमचाच असायचा, म्हणजे झाडायला-पुसायला आमचा. पुढच्या पडवीत वेताच्या चार खुर्च्या होत्या. भाऊ त्या रोज पुसायचे, ऊन फिरेल तशा सरकवायचे, पावसाळ्यात आत नेऊन ठेवायचे, पण त्या खुर्चीत बसलेले भाऊ मी कधी पाहिले नाहीत. लहानपणी एकदा मीच जाऊन बसले. भाऊ ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "ऊठ. येत्याल." मंगळवार होता. कोण येणार होतं? पण मी उठले.

जेवण म्हणजे इंद्रायणीचा भात आणि कुळथाचं पिठलं, नाहीतर सुक्या बोंबलाचं कालवण. रविवारी संध्याकाळी पाहुणे गेले की बंगल्यातलं उरलंसुरलं आमच्याकडे यायचं. कडा वाळलेला पाव, तळाशी चमचाभर मुरांबा राहिलेली बाटली, कधी उग्र वासाचा चीजचा तुकडा. आई तो तुकडा भाकरीवर ठेवून तव्यावर धरायची. "साबनच म्हनायचा," ती म्हणायची, "पन चव हाय." ही रविवारची जेवणं मला अजून आठवतात, कारण त्या वेळी घरात एक सैलपणा असायचा. गाड्या गेलेल्या असायच्या. पुढचे पाच दिवस कोणी हाक मारणार नव्हतं. तरी भाऊ जेवता जेवता मान वर करून ऐकायचेच. काही विसरलं म्हणून गाडी परत फिरली तर?

भाऊंच्या कानाची ख्याती होती. रेल्वे फाटकापासून गाडी चढणीला लागली की ती आपल्याकडची की पुढच्या बंगल्याची, हे ते आवाजावरून सांगायचे. मग सदऱ्याची बटणं लावत लावतच गेटकडे निघायचे आणि मी मागोमाग. गेटचं उजवं दार भाऊंचं, डावं माझं. दार पूर्ण उघडायचं आणि भिंतीला लागून अंग चोरून उभं राहायचं. खडीवर चाकं वाजत आत गेली, गाडी थांबली, की पुढे होऊन पिशव्या घ्यायच्या. त्या आपण होऊन घ्यायच्या, त्यांना सांगायला लागू नये. प्रवास कसा झाला, हे आपण विचारायचं नाही. त्यांनी सांगितलं तर "व्हय का" म्हणायचं. हे मला कोणी शिकवलं नाही. चालायला शिकावं तशी मी ते शिकले. पुढे शाळेत बाई वर्गात आल्या तरी मी सगळ्यांच्या आधी उठून त्यांची पिशवी घ्यायला जायची आणि मुली हसायच्या.

साहेब आणि त्यांच्या पत्नी दोन-तीन वर्षांनी परदेशी जायचे आणि तिथं भाड्याची गाडी घेऊन स्वतः चालवत हिंडायचे. परत आले की मित्रांना बंगल्यावर बोलावून फोटोंच्या काचा दाखवायचे. पडवीत आईनं धुतलेली पांढरी चादर ताणून बांधायची, एका यंत्रातून तिच्यावर चित्रं पडायची. पाहुणे चादरीच्या पुढे, खुर्च्यांवर. आम्ही तिघं मागे अंगणात, चादरीच्या पाठीला. चित्र पलीकडेही उमटायचं, फक्त उलटं. त्यामुळे परदेशातल्या पाट्या उलट्या लिहितात, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. त्यातलं एक चित्र मला आजही डोळे मिटले की दिसतं. तपकिरी डोंगर, खाली तळं, आणि एकाच गाडीपुरता अरुंद रस्ता वळत वळत गेलेला. माणूस नाही, घर नाही. साहेब म्हणाले, "हे स्कॉटलंड. या रस्त्यावर आम्हाला दिवसभरात चार गाड्या भेटल्या." पाहुणे वा वा म्हणाले. मी बारा वर्षांची होते आणि मला वाटलं, तिथं कोणी येतच नसणार. तिथं कोणाची वाट बघायला लागत नसणार.

आई गेली तेव्हा मला लोणावळ्याच्या एका कारखान्यात, स्टोअर्समध्ये नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. आईच्या जाण्याबद्दल मी वेगळं लिहिलं आहे, इथे एवढंच सांगते, की ती होती तोवर भाऊ आणि मी तिच्यामार्फत बोलायचो, हे ती गेल्यावर आमच्या लक्षात आलं. "भाऊंना म्हनावं, भात झालाय." "तिला म्हनावं, गाडीला येळ हाय." आता मधलं माणूसच नव्हतं. दोन माणसं, दोन खोल्या, आणि समोर पाच दिवस कुलूप लावलेलं मोठं घर. स्थळं यायची, चहा प्यायची, खोल्यांकडे नजर टाकायची आणि उतरणीला लागायची. संध्याकाळी लोकलमधून उतरून मी वर चालत यायची तेव्हा भाऊ गेटपाशी उभे असायचे. माझ्यासाठी उभे आहेत की सवयीनं, हे मला कळत नसे, आणि विचारायचा धीरही होत नसे.

अशातच, आई गेल्याला दोन वर्षं होत आली तेव्हा, एका रविवारी साहेबांनी भाऊंना पडवीत बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी इथेच लिहून ठेवते. आईच्या आजारपणात त्यांनी मुंबईहून औषधं पाठवली होती. ते म्हणाले, "भाऊ, तुमचं आता वय झालं. तुमच्यानंतर हे सगळं पोरीनं बघावं. तिनं नोकरी सोडावी, मी तिला पगार देईन. खोल्या तुमच्याच राहतील, तिच्या लग्नानंतरही. नाहीतर मला दुसरं जोडपं बघावं लागेल, आणि खोल्या त्यांना द्याव्या लागतील." भाऊ लगेच "व्हय साहेब" म्हणाले. मला ते जेवताना कळलं.

"साहेबांना सबुद दिलाय," भाऊ म्हणाले.

मी बराच वेळ एकच घास चावत बसले. माझ्या नोकरीवर आम्हाला खोली भाड्यानं मिळाली असती, उपाशी राहिलो नसतो. पण भाऊंना त्या गेटपासून काढायचं म्हणजे काय करायचं, ते माझं मलाच कळत नव्हतं. आणि हो म्हणायचं तर उरलेल्या जन्मात गेटचं डावं दार. शेवटी मी म्हणाले, "भाऊ, मला मे सरेपर्यंत येळ द्या. आल्यावर सांगते."

"कुटनं आल्यावर?"

"स्कॉटलंडवरनं."

आता खरं सांगायचं तर मी चार वर्षं त्यासाठी पैसे बाजूला टाकत होते. लग्नाला म्हणून ठेवते, असं आईला सांगितलं होतं. भाऊंना ते नाव चादरीमुळे माहीत होतं. त्यांनी विचारलं, "तितं कोन हाय आपलं?"

"कोन न्हाई."

"मंग?"

"कोन न्हाई म्हनूनच."

भाऊंनी ताटात हात धुतला. मला वाटलं आता चिडतील. ते म्हणाले, "आनि गाडी कोन चालवनार?"

"मीच."

"दुसऱ्या गिअरवर?"

आई गेल्यानंतर त्यांनी केलेली ती पहिली थट्टा.

लोणावळ्यात एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी नाव घातलं. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "हात तर चांगला बसलाय, मग तिसरा का टाकत नाही?" मी म्हटलं, तिसरा कुठे असतो ते दाखवा. व्हिसाच्या खिडकीतल्या माणसानंही भाऊंचाच प्रश्न विचारला, तुमचं तिथं कोण आहे? कोणी नाही, म्हटल्यावर त्यानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. कारखान्याचं पत्र होतं, रजा मंजूर होती, परतीचं तिकीट होतं. त्यानं शिक्का मारला. माझी दया आली असावी, असं मला अजूनही वाटतं.

ग्लासगोच्या विमानतळावर भाड्याच्या गाड्यांच्या ऑफिसातल्या मुलानं माझ्या हातात किल्ली दिली आणि गाडी कुठे आहे ते बोटानं दाखवलं. एवढंच. मी गाडीपाशी जाऊन दोन-चार मिनिटं नुसती उभी राहिले. मागून कोणी येईल, बसेल, मग निघायचं, असं काहीतरी अंगात मुरलेलं होतं. कोणी येणार नव्हतं. बसले आणि निघाले. शहर ओलांडेपर्यंत हातांना घाम होता. मग रस्ता मोकळा झाला, तिसरा टाकला, चौथा टाकला, आणि एका लांबच लांब सरळ पट्ट्यावर पाचवा पडला तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, पाचवा." शेजारच्या सीटवर मेतकुटाची पिशवी होती.

पहिले दोन दिवस नवलाईत गेले. तिसऱ्या दिवशी एकटेपणा गाडीत येऊन बसला आणि उतरेना. आमच्या सोसायटीतली मुलं हल्ली 'सोलो ट्रिप'ला जातात, फोनवर रस्ता बघतात, संध्याकाळी फोनवरच आईशी बोलतात. मला त्यांचं कौतुक आहे, पण ते एकटे जातात म्हणजे काय करतात, ते मला नीटसं कळत नाही. मी एकटी होते म्हणजे सकाळी हॉटेलच्या बाईला 'थँक्यू' म्हटल्यापासून संध्याकाळी दुसऱ्या बाईला 'गुड इव्हनिंग' म्हणेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नसे. मे महिना होता, रात्री दहापर्यंत उजेड. दिवस मावळतच नसे, त्यामुळे आजचा दिवस संपला म्हणून सुटकाही नाही. कुठल्यातरी तळ्याकाठी गाडी उभी करून मी पावाला शेंगदाण्याची चटणी लावून खायची, काचेवर माझ्याच श्वासाची वाफ धरायची, बाहेर बारीक पाऊस. डोंगर तर थेट आमच्या मळवलीच्या विसापूरसारखे. रडू यायचं, ते कशासाठी, हेही कळायचं नाही. आईसाठी असेल.

उत्तरेकडे रस्ता अगदी चादरीवरच्यासारखा झाला, एका गाडीपुरता. थोड्या थोड्या अंतरावर बाजूला थांबायला जागा केलेली असते. समोरून गाडी दिसली की जो जवळ असेल त्यानं त्या जागेत शिरून थांबायचं. दुसरा शेजारून जाताना हात वर करतो. बस, एवढंच. पण त्या हातासाठी मी आसुसले. समोरचा माणूस अजून कोसभर लांब असताना मी थांबून राहायची, म्हणजे तो जाताना माझ्याकडे बघून हात वर करील. एका दुपारी मी मोजले, नऊ हात. नऊ माणसांनी मला पाहिलं होतं.

आठव्या दिवशी समुद्राकाठच्या एका गावात मी मार्गारेट नावाच्या बाईंच्या घरी उतरले. सत्तरीच्या, विधवा, दगडी घर, वरच्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. घरापुढे लाकडी गेट आणि आत खडी. मी दोन दिवस राहायचं ठरवलं, कारण त्यांनी आल्या आल्या चहा दिला आणि समोर बसून स्वतःही प्यायल्या. दुसऱ्या दिवशी पाचला जाग आली. पलंग आवरला, चादर चारी बाजूंनी ओढून बसवली, न्हाणीघर पुसून काढलं. खाली आले तर रात्रीचे कप तसेच, ते धुतले. मागच्या दाराशी झाडू होता, अंगण झाडून काढलं. मार्गारेटबाई गाऊनमध्ये खाली उतरल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "तू हे का करतेस?" मी म्हटलं, जाग आली म्हणून. हे खोटं नव्हतं. पाहुण्यानं सकाळी उठून काय करायचं असतं, हे मला खरोखरच माहीत नव्हतं. मी आयुष्यात कोणाकडे पाहुणी म्हणून राहिलेच नव्हते.

त्याच दुपारी मी वर खिडकीत वाचत बसले होते. बाहेर खडीवर चाकं वाजली. पुढचं मला नीट आठवत नाही, म्हणजे जिना कसा उतरले ते आठवत नाही. गेट अर्धं उघडं होतं, ते पूर्ण उघडून मी भिंतीला लागून उभी राहिले. करड्या रंगाची मोठी गाडी आत आली. नवरा-बायको उतरले. मी पुढे होऊन बाईंच्या हातातली बॅग घेतली. त्यांनीही दिली, सहज, बघितलंसुद्धा नाही, आणि विचारलं, "न्याहारी किती वाजता?"

"साडेआठला," मी म्हणाले, आणि बॅग घेऊन जिना चढले.

खाली आले तर मार्गारेटबाई स्वयंपाकघराच्या दारात पोट धरून हसत होत्या. हसण्यात दुष्टपणा नव्हता. बॅगवाल्या बाईंना खरं कळलं तेव्हा त्यांनी माझी इतक्या वेळा माफी मागितली, की कुठे तोंड लपवू असं झालं मला. संध्याकाळी मार्गारेटबाईंनी मला टेबलाशी बसवलं. आता हसत नव्हत्या. म्हणाल्या, "हंगाम संपेपर्यंत राहा इथेच. मला एकटीला होत नाही आता. स्वयंपाकघराच्या मागे एक खोली आहे, रिकामीच आहे. तुझ्या हाताला वळण आहे." व्हिसावर काम करता येत नाही, हे त्या क्षणी आम्हा दोघींपैकी कोणालाही सुचलं नाही.

पहिल्यांदा मला आनंद झाला, हे लिहायला आज लाज वाटते, पण झाला. आठ दिवसांत मला कोणी 'राहा' म्हटलं नव्हतं. उद्या सांगते, म्हणून मी समुद्राकडे गेले. पाण्यापाशी ओले दगड होते, त्यातल्या एकावर बसले, आणि मग मला काय झालंय ते दिसलं. एवढा समुद्र ओलांडून मी पुन्हा स्वयंपाकघरामागच्या खोलीच्या दारात येऊन उभी होते. या खेपेला मला आजोबांनी आणून उभं केलं नव्हतं. मी आपल्या पायांनी आले होते, पाचव्या गिअरमध्ये. हसू आलं, ते थांबेना, आणि नंतर ते हसू राहिलं नाही.

सकाळी उठून आधी गावातल्या फोनच्या डब्यात गेले. भाऊंशी बोलावं, त्यांना हे सांगावं, आणि सांगता सांगता माझं उत्तरही सांगून टाकावं, असं मनात होतं. बंगल्याचा फोन लागला. तिकडे दुपार. वार काय आहे, हे मी विसरलेच होते. फोन साहेबांनी उचलला.

"अगं, तू! कुठून बोलतेस? मंडळी, तिकडून फोन आहे." मागे हसण्याबोलण्याचा, ताटांचा आवाज. "भाऊ, या, पोरीचा फोन." मग बराच वेळ काही नाही. भाऊ चपला काढून, पाय पुसून आले असणार.

"बोल," भाऊ म्हणाले. आवाज ओळखू येईना. तो साहेबांपुढचा आवाज होता.

"भाऊ, बरे हाय ना तुमी?"

"व्हय."

"जेवला का?"

"व्हय, व्हय."

"भाऊ, मला तुमाला एक सांगायचं हाय."

"आल्यावर सांग. हितं साहेब जेवायला बसल्यात." थोडं थांबून, "ठेवतो मंग," आणि ठेवला. नाणी खाली पडल्याचा आवाज झाला. मी त्या काचेच्या डब्यात रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी राहिले. त्या सगळ्या प्रवासात सगळ्यात एकटी मी तेव्हा होते. पृथ्वीवर माझं एकच माणूस, आणि त्याला माझ्याशी बोलायला दुसऱ्याच्या घरात उभं राहावं लागत होतं.

परत येऊन मी मार्गारेटबाईंना सरळ सांगितलं, नाही, मला राहायचं नाही. त्या म्हणाल्या, "बरं. वाईट वाटलं, पण बरं. चहा घेशील?" चहा घेतला. बॅग भरायला वर गेले आणि हात चादरीकडे वळले. मी हात मागे घेतले. दारापर्यंत गेले, परत फिरले, निदान उशी तरी सारखी करावी म्हणून, केली नाही. जिना अर्धा उतरून पुन्हा वर आले. शेवटी तो विस्कटलेला पलंग तसाच टाकून निघाले. पुढे कितीतरी मैल मी कोणाचं काही चोरून पळत असल्यासारखी गाडी चालवत होते. समोरून येणाऱ्यांनी हात वर केले असतील, मी पाहिले नाहीत.

मळवलीला परत आले तो बुधवार होता. भाऊ गेटपाशी होते. बॅग घ्यायला पुढे झाले, मी दिली नाही, थोडी ओढाताण झाली, मग दोघांनी एकेक कडी धरून ती मागे नेली. भाऊंनी स्वतः भात टाकला होता, बोंबील भाजले होते. जेवण झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. करड्या गाडीचं, बॅगेचं, साडेआठच्या न्याहारीचं. मला वाटलं हसतील. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"खोली केवढी व्हती?" त्यांनी विचारलं.

"बगितली न्हाई."

"तू काय म्हनलीस?"

"न्हाई म्हनले."

"तोंडावर?"

"व्हय, तोंडावर."

"मंग ती काय म्हनली?"

"बरं म्हनली. च्या दिला."

"येवढंच?"

"येवढंच."

भाऊ भिंतीला टेकले. बाहेर पुण्याकडे जाणारी गाडी फाटकातून गेली, तिचा आवाज पार विरेपर्यंत ते ऐकत राहिले. मी म्हटलं, "भाऊ, मी साहेबांनाबी न्हाईच म्हननार. मी सांगते शनिवारी. तुमाला बोलायला लागायचं न्हाई." तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग हळूच म्हणाले, "मला वाटायचं, न्हाई म्हनलं की कायतरी व्हतं."

शनिवारी साहेब आले. आम्ही दोघांनी गेट उघडलं, पिशव्या घेतल्या. चहा झाल्यावर मी हात पुसून पडवीकडे निघाले तर भाऊ माझ्या पुढे होऊन गेले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड थांबले. साहेब वेताच्या खुर्चीत पेपर वाचत होते. भाऊ समोर उभे राहिले, हात मागे बांधलेले, आणि बोटं एकमेकांत गच्च. माझ्या बाजूनं मला तेवढंच दिसत होतं. "साहेब," ते म्हणाले, "पोरीचं न्हाई जमायचं. आनि माझंबी आता न्हाई." साहेबांनी पेपर खाली केला. नंतरचं ते हळू बोलले, मला ऐकू आलं नाही. भाऊ दोनदा मान हलवून मागे आले, खोलीत शिरले, आणि भिंतीशी बसले. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"काय म्हनले?"

"दिवाळीपातुर खोल्या मोकळ्या करा म्हनले." भाऊंनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला आणि नवल वाटल्यासारखं माझ्याकडे बघून म्हणाले, "बाकी काय बी झालं न्हाई."